मोबाइलचा रोजा आधी मोठ्यांनी धरावा

संध्याकाळचे साडेसहा होत आले की वरणगावातल्या रोजेदारांच्या घरांत लगबग सुरू होते. दस्तरखान अंथरला जातो. खजूर, कापलेली केळी, टरबुजाच्या फोडी, गरम भजी आणि सरबताचे पेले मांडले जातात. तेरा तास पाण्याचा घोटही न घेतलेली माणसे ताटासमोर बसून अजानची वाट पाहतात. भूक आहे, अन्न समोर आहे, हात धरणारे कोणी नाही. तरीही शेवटची दोन मिनिटे कोणी खजुराला हात लावत नाही.

त्याच दस्तरखानच्या कडेला चार वर्षांचे एक मूल बसलेले असते. पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ठेवलेला, डोळे पडद्यावर. आई केळीचा तुकडा तोंडाजवळ नेते, तोंड उघडते, मान मात्र हलत नाही. अजान होते, घरातले दुआ मागतात, रोजा सुटतो; मुलाला यातले काही कळलेलेच नसते. दोन गल्ल्या पलीकडच्या घरात त्याच वेळी देवापुढे दिवा लागतो आणि तिथेही कोपऱ्यात एक मूल असेच मान खाली घालून बसलेले असते. गावात सणवार वेगळे असतील, हे चित्र मात्र घरोघरी एकच आहे.

या चित्रातले मूल सर्वांना दिसते. त्याच खोलीतले बाकीचे मोबाइल मात्र सहसा कोणाच्या नजरेत येत नाहीत. इफ्तारच्या ताटाचा फोटो स्टेटसला ठेवणारा मोठा भाऊ, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात बातम्या धरून बसलेले वडील, नातेवाइकांचे व्हिडिओ पाहत हसणारी मावशी. मुलांच्या मोबाइलवेडाबद्दल बोलायचे, तर बोलणे या मोठ्यांपासून सुरू करावे लागते.

हातात मोबाइल दिला कोणी?

लहान मूल दुकानात जाऊन मोबाइल विकत घेत नाही. तो त्याच्या हाती घरातलेच कोणीतरी देते आणि देण्यामागे बहुतेक वेळा काही ना काही अडचण असते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइल हीच शाळा झाली. ज्या घरांत तोपर्यंत साधा फोन होता, तिथेही पोटाला चिमटा काढून स्मार्टफोन आणला गेला. शाळा पुन्हा उघडल्या, पण गृहपाठ, सूचना आणि परीक्षेची वेळापत्रके व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरच येत राहिली. आता मोबाइल घराबाहेर फेकून द्या, असे सांगणे सोपे असले तरी ते कोणालाच जमणारे नाही.

शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्यांचे कारण आणखी साधे आहे. घर लहान, माणसे कमी. पूर्वी आई चुलीपाशी असली की मूल आजीच्या मांडीवर किंवा शेजारच्या ओट्यावर असे. आज पहाटे सहेरीसाठी उठलेली, दिवसभर रोजा धरलेली आई संध्याकाळी भजी तळताना दोन वर्षांच्या मुलाला कुठे ठेवणार? तेलाच्या कढईपासून त्याला दूर ठेवायला मोबाइलइतके सोपे साधन तिच्या हाताशी दुसरे नसते. तिला दोष देऊन काही साधणार नाही. त्या अर्ध्या तासात मुलाला बाहेर फिरवून आणणारा बाप, काका किंवा मोठा भाऊ घरात असतो का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. मुलाला सांभाळणे हे एकट्या आईचे काम आहे, असे मानणाऱ्या घरात मोबाइल दाई होऊनच शिरतो.

एकदा शिरला की तो दाईपुरता राहत नाही. आधी रडणे थांबवायला दिला जातो, मग जेवण भरवायला, मग पाहुण्यांसमोर गप्प बसवायला. काही महिन्यांत मुलालाच हिशेब कळतो: रडले की मोबाइल मिळतो. त्यानंतर रडण्याचे निमित्त काहीही चालते.

न संपणारी गोष्ट

दूरदर्शनच्या काळातही मुले पडद्यासमोर बसत, असे काही जण म्हणतात. ते खरे आहे. पण तेव्हा कार्यक्रम संपत असे आणि पुढच्या भागासाठी थांबावे लागे. आजीची गोष्टही संपायची, कधी कधी तर गोष्टीआधी आजीलाच झोप लागायची. मोबाइलमधल्या गोष्टीला शेवट नाही. एक व्हिडिओ संपण्याआधी दुसरा रांगेत उभा असतो. मुलाने कुठे क्षणभर जास्त पाहिले, याची नोंद होते आणि तसलेच आणखी पुढे येते. डोळे पडद्यावर जितका वेळ, तितकी जाहिरात. जितकी जाहिरात, तितकी कमाई. या धंद्यात हुशार माणसे पगार घेऊन एकच काम करतात: पाहणारा उठू नये. चाळिशीतला बाप रात्री बारा वाजता पाच मिनिटांसाठी मोबाइल हातात घेतो आणि दीड वाजता खाली ठेवतो. तीन वर्षांचे मूल स्वतःहून थांबेल, अशी अपेक्षा मग कोणत्या तोंडाने करायची?

डॉक्टरांचे म्हणणे याबाबत संदिग्ध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, एक वर्षाच्या मुलालाही टाळावा, दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाहून जास्त नको आणि तोही जितका कमी तितका बरा, असे त्यात म्हटले आहे. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते पाच वर्षे वयात एका तासाच्या आत, असेच सांगते. कारणेही समजायला सोपी आहेत. मूल बोलायला शिकते ते समोरच्या माणसाशी देवघेव करून. ते ‘बा’ म्हणते, आई हसून ‘बाबा’ म्हणते, ते पुन्हा प्रयत्न करते. पडदा नुसता बोलत राहतो; मुलाच्या बोलण्यासाठी थांबत नाही. झोपेआधी पाहिलेला उजेड झोप लांबवतो, आणि अंगणात, उन्हात, दूरवर पाहत खेळण्याचे तास कमी झाले की चष्मा लवकर लागण्याची शक्यता वाढते.

ही सवय पुढे कुठे जाते, याचा अंदाज ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीतून येतो. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून अधिक जणांना तो वापरता येत होता. त्याआधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही त्यावर केल्याचे वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. अभ्यासासाठी घेऊन दिलेला फोन अभ्यासापुरता राहत नाही, हे पालकांना ठाऊकच होते. पाहणीने ते आकड्यांत मांडले.

वडगावचा भोंगा

यावर महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावाने शोधलेला उपाय वरणगावकरांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीनंतर मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ती सतत मोबाइलमध्ये असतात, अशी शिक्षकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी दिवसाच्या आदल्या दिवशी, महिलांची सभा झाली. मालिका आणि मोबाइलमध्ये आपणही अडकलो आहोत, हे बायांनी तिथे मान्य केले. मग ठरले की रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहतील. भैरवनाथाच्या मंदिरावर भोंगा बसला. सुरुवातीला काही पुरुष हसले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरून समजावत राहिले. हळूहळू त्या दीड तासात पोरे पुस्तक घेऊन बसू लागली, घरात बोलणे होऊ लागले. हे गाव देशभर बातमीचा विषय ठरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने वेगळी वाट धरली. अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत झाला. त्यामागची कळकळ खोटी म्हणता येणार नाही. मुले वाचावीत हीच दोन्ही गावांची इच्छा. तरी दोन ठरावांत एक मोठा फरक आहे. एका ठरावाने मुलांना मनाई केली. दुसऱ्याने आधी मोठ्यांची मालिका बंद केली, मोठ्यांचा मोबाइल फळीवर ठेवला आणि मग मुलाला सांगितले, आता तूही पुस्तक काढ. ज्या घरात बाप स्वतः पडद्यात डोके घालून ‘तू मोबाइल ठेव’ म्हणून ओरडतो, तिथे मूल मोबाइल ठेवते ते भीतीने, आणि बापाची पाठ वळेपर्यंतच. ज्या घरात सगळेच ठेवतात, तिथे मुलाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटत नाही.

वरणगावला भोंग्याची ओळख करून द्यायला नको. आयुध निर्माणीच्या या गावाला घड्याळाच्या काट्यावर जगायची सवय आहे. संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यात मोबाइल आत नेण्यावर निर्बंध असतात, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. म्हणजे घरातला कमावता माणूस पाळीचे सगळे तास मोबाइलवाचून काढतो आणि त्याचे काही अडत नाही. नियम आहे, कारण पटलेले आहे आणि तो साहेबापासून कामगारापर्यंत सर्वांना सारखा आहे, म्हणून तो पाळला जातो. कारखान्याच्या दारात जमते ते घराच्या उंबऱ्यात का जमू नये?

मूल रोजा कसा शिकते?

या प्रश्नाचे उत्तर रमजानमध्येच सापडते. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही. कोणतेही शहाणे घर सहा वर्षांच्या पोराला ‘आजपासून उपाशी राहा’ असे फर्मावत नाही. मूल आपणहून मागे लागते. पहाटे घरात दिवे लागतात, भांड्यांचा आवाज होतो, अम्मी, अब्बू, दादी सगळे एकत्र जेवतात आणि आपल्याला उठवलेच नाही म्हणून ते सकाळी रुसते. ‘उद्या मलाही उठवा’ हा हट्ट तिथून सुरू होतो. मग त्याला दुपारपर्यंतचा अर्धा रोजा दिला जातो आणि त्याचे कौतुकही होते. पुढच्या वर्षी एखादा पूर्ण रोजा. तो पहिला रोजा सुटतो तेव्हा गळ्यात फुलांचा हार पडतो, नातेवाईक भेटवस्तू आणतात. तेरा तासांचा संयम मूल शिकते ते मोठ्यांना पाहून, थोडे थोडे करून आणि त्यांच्यात सामील होण्याच्या ओढीने. एकादशी करणाऱ्या घरातले मूलही उपवास असाच शिकते, आणि पर्युषण पाळणाऱ्या जैन घरातलेही.

मोबाइलबाबत घरे नेमके उलटे करतात. मोठ्यांना मोकळीक, लहानांना बंदी. आज सगळा वेळ, उद्या एकदम शून्य.

पैगंबरांच्या चरित्रातला एक प्रसंग इथे आठवावा. एका आईने आपल्या लहान मुलाला ‘ये, तुला काही देते’ म्हणून हाक मारली. पैगंबर त्या घरी बसले होते. काय देणार आहेस, असे त्यांनी विचारले. खजूर देणार, असे ती म्हणाली. काहीच दिले नसतेस तर ते खोटे म्हणून तुझ्या नावावर लिहिले गेले असते, अशा अर्थाचे पैगंबर बोलले. मुलाला दिलेला शब्द छोटा नसतो. ‘जेव, मग देतो’ म्हणायचे आणि जेवल्यावर मोबाइल लपवायचा. ‘बॅटरी संपली’ म्हणायचे आणि पुढच्या खोलीत स्वतः रील पाहत बसायचे. या छोट्या थापांनी मुलाचा मोबाइल सुटत नाही, आईबापावरचा विश्वास तेवढा सुटतो.

अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या साने गुरुजींनी खान्देशला हाच धडा दिला. त्यांच्या ‘श्यामची आई’मधली आई मुलाला घडवते ती रोजच्या साध्या वागण्यातून. त्याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिली. मूल घरातले बोलणे विसरते, घरातले वागणे विसरत नाही, ही जाण दोन्ही परंपरांत सारखी आहे.

घरातला नेम

करायचे काय, तर सुरुवात एका तासाने करावी. रमजानमध्ये हा तास आयताच मिळतो. इफ्तारच्या पंधरा मिनिटे आधी घरातले सगळे मोबाइल एका टोपलीत जावेत आणि जेवण, नमाज आटोपेपर्यंत तिथेच राहावेत. ज्या घरात रोजा नाही, तिथे दिवेलागणीचा तास धरावा. टोपलीत पहिला मोबाइल वडिलांचा पडावा. ताटापाशी आणि अंथरुणात मोबाइल नाही, हे दोन नियम त्यानंतर कायमचे करावेत.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा देऊच नये. परगावच्या आजीआजोबांशी दोन मिनिटे व्हिडिओवर बोलणे वेगळे. त्याहून मोठ्या मुलाला वेळ ठरवून द्यावा, शक्यतो शेजारी बसून दाखवावे, आणि संपण्याआधी पाच मिनिटे सांगावे, म्हणजे हातातून हिसकावून घेण्याची पाळी येत नाही. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारी सोय बंद करावी. लहानांसाठीचे वेगळे खाते आणि वेळेची मर्यादा घालण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. पैसे पाठवण्याचा पिन मुलांना माहीत नसावा. ईदीचे पैसे गेमच्या रिचार्जमध्ये जाऊ नयेत, म्हणून ईदीआधीच मुलांशी बोलून ठेवावे.

मोबाइल काढून घेतला की रिकामा हात उरतो, त्यात काहीतरी द्यावे लागते. सहा वर्षांचे मूल खजूर मोजून ताटात मांडू शकते, शेजाऱ्यांकडे इफ्तारचे ताट पोहोचवू शकते, ग्लास भरू शकते. मोठ्यांसोबत काम करण्यात त्याला जी मजा येते, ती कोणत्याही कार्टूनपेक्षा कमी नसते. दादीने उर्दूत, आजीने अहिराणीत किंवा लेवा बोलीत एक गोष्ट सांगावी. ती भाषा मोबाइल शिकवणार नाही. आजीच्या तोंडून ऐकली तरच ती नातवापर्यंत पोहोचेल.

पहिले आठ-दहा दिवस मूल रडेल, आदळआपट करेल. तेव्हा आईने नाही म्हणायचे आणि आजोबांनी चोरून द्यायचा, असे झाले की सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या सर्व मोठ्यांचा शब्द एक हवा. थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत पाळत ठेवण्यापेक्षा बोलणे जास्त कामी येते. मोबाइलवर कोणी घाबरवले, घाणेरडे काही पाठवले, तर मुलाने पहिल्यांदा आईबापाकडेच यावे, इतकी जागा घरात हवी. प्रसंग गंभीर असेल तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

सरकारने कायदा करावा, असेही पुष्कळांना वाटते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कायदे हवेतच, कंपन्यांना आईबापांनी एकट्याने आवर घालावा, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. तरी दोन वर्षांच्या मुलाचे स्वतःचे खाते नसते. ते पाहते ते आईच्या मोबाइलवर, आईच्याच खात्यातून. तिथवर कोणताही कायदा पोहोचत नाही.

रमजानचे हे दिवस भराभर सरतात. ईदचा चंद्र दिसेल, शिरखुर्म्याच्या वाट्या शेजारीपाजारी जातील आणि सहेरीचे गजर बंद होतील. महिनाभर जे शिकले ते पुढे किती टिकते, यावर रोजाची खरी कमाई ठरते. त्या कमाईत यंदा एक टोपलीही असावी. ईदनंतरच्या एखाद्या साध्या संध्याकाळी वडील घरी येऊन काही न बोलता आपला मोबाइल तिच्यात ठेवतील आणि शेजारी चार वर्षांचे मूल चवड्यांवर उभे राहून, त्यांचे पाहून, आपल्या हातातला मोबाइल त्यावर ठेवेल. त्यासाठी गावात भोंगा वाजायलाच हवा असे नाही.